नाकाजिमा मियुकी यांची गाणी : सुरुवात कोठून करावी आणि त्यांतील परस्परविरोध कसा समजून घ्यावा?

प्रश्न : कावेरी_पुणे

नमस्कार. मी पुण्यात जपानी भाषा शिकत आहे. कानाला सवय व्हावी म्हणून आमच्या शिक्षिकांनी वर्गात नाकाजिमा मियुकी यांची दोन गाणी लावली, ‘इतो’ आणि ‘वाकारेउता’. पहिल्यात दोन माणसे म्हणजे उभा आणि आडवा धागा आहेत आणि त्यांच्यातून विणलेले कापड कधीतरी कोणाला ऊब देईल, अशी साधी आणि प्रसन्न आशा आहे. दुसऱ्यात सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने हाका मारत रस्त्यावर कोसळलेली स्त्री आहे आणि तिच्या दुःखाला कोठेही उतारा नाही. ही दोन्ही गाणी एकाच बाईंनी लिहिली, त्यांनीच त्यांना चाल दिली आणि त्यांनीच ती गायली, हे कळल्यावर मला फार आश्चर्य वाटले, कारण दोन्हींमधला आवाजसुद्धा निराळ्या व्यक्तींचा वाटावा इतका वेगळा होता.

नंतर मी दोन-तीन जपानी परिचितांना विचारले. एकाने सांगितले की त्या विरहाच्या आणि उदासीच्या गायिका आहेत, आणि दुसरीने सांगितले की त्यांच्या गाण्याशिवाय तिच्या ओळखीतले लग्न क्वचितच पार पडते. एका कलावंताविषयी इतकी भिन्न मते असण्याचे कारण काय असावे? त्यांची लोकप्रिय गाणी कोणत्या क्रमाने ऐकावीत, आणि ती ऐकताना कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

उत्तर १ : हेमंत_योकोहामा

कावेरीताई, मी बरीच वर्षे जपानमध्ये राहतो आणि नाकाजिमाबाईंची गाणी मनापासून ऐकतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. माझा आग्रह असा की सुरुवात ‘जिदाई’पासूनच करावी.

त्यांचा जन्म १९५२ मध्ये सापोरोला झाला. वडील स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचे डॉक्टर होते, आणि होक्काइदो या जपानच्या उत्तरेकडील बेटावरील इवानाई आणि ओबिहिरो या गावांत त्यांचे बालपण गेले. यामाहा संस्था त्या काळी हौशी गीतकार-गायकांसाठी पॉपकॉन नावाची स्पर्धा घेत असे. १९७५ च्या शरद ऋतूत त्या स्पर्धेत आणि त्यापाठोपाठ तोक्योच्या बुदोकान सभागृहात झालेल्या जागतिक लोकप्रिय गीत महोत्सवात ‘जिदाई’ने सर्वोच्च पारितोषिक मिळवले. त्याच सुमारास त्यांचे वडील गंभीर आजारी होते आणि पुढच्या जानेवारीत ते निवर्तले. त्या वेळी त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. गाण्याचा आशय असा आहे की आज रडूही फुटत नाही इतके दुःख असले, तरी कधीतरी या दिवसांविषयी हसत बोलता येईल, काळ फिरत राहतो, दुरावलेले प्रेमिक पुन्हा जन्म घेऊन भेटतात आणि वाटेत कोसळलेला प्रवासी पुन्हा उठून चालू लागतो. इतक्या लहान वयात लिहिलेले हे गाणे आज जपानमध्ये शाळकरी मुले समूहगान म्हणून गातात, आणि तोकुनागा हिदेआकी यांनी स्त्रियांची गाणी पुरुषाच्या आवाजात गाण्याचा जो प्रसिद्ध उपक्रम २००५ मध्ये सुरू केला, त्याच्या पहिल्याच अल्बमचे पहिले गाणे हेच आहे.

यानंतर लगेच ‘वाकारेउता’ ऐकावे. १९७७ मध्ये ओरिकॉन या विक्रीच्या साप्ताहिक यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचलेले हे त्यांचे पहिले गाणे. गाण्याचा आरंभच ऐकणाऱ्याला थेट प्रश्न विचारून होतो : रस्त्यावर कोसळून कोणाचे तरी नाव घेत राहण्याची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? या गाण्यामुळे आणि त्याच्या आगेमागे आलेल्या विरहगीतांमुळे उदासीची गायिका असा शिक्का त्यांच्यावर बसला आणि आपल्या पहिल्या परिचिताच्या मनात अजूनही तीच प्रतिमा असावी.

मात्र त्याच काळातील एक गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय हा शिक्का समजून घेता येत नाही. एप्रिल १९७९ पासून मार्च १९८७ पर्यंत त्या निप्पॉन होसो या रेडिओ केंद्रावर ‘ऑल नाइट निप्पॉन’ हा मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम दर सोमवारी सादर करत. तेथील त्यांचे बोलणे इतके उत्साही, खळखळून हसणारे आणि वाह्यात विनोदांनी भरलेले असे की, केवळ तबकड्यांवरून त्यांना ओळखणाऱ्या श्रोत्याला हीच ती बाई का, असा प्रश्न पडावा. परंतु कार्यक्रमाच्या अखेरीस त्या एखाद्या श्रोत्याचे खरोखर कठीण परिस्थितीतून लिहिलेले पत्र वाचत आणि तेथे त्यांचा आवाज पूर्णपणे बदलत असे. आजारी माणसे, रात्रपाळी करणारे कामगार, परीक्षेत नापास झालेली मुले अशा श्रोत्यांशी आठ वर्षे आठवड्यामागून आठवडे बोलत राहिल्यामुळे त्यांच्या गाण्यांतला ‘तू’ इतका ठोस झाला, असे माझे ठाम मत आहे. ‘फाइट!’ हे १९८३ चे गाणे याचा उत्तम दाखला आहे. केवळ माध्यमिक शाळेपर्यंत शिकल्यामुळे नोकरी नाकारली गेलेल्या मुलीच्या पत्राने त्याची सुरुवात होते. पुढे स्थानकाच्या जिन्यावर घडलेला अन्याय पाहूनही घाबरून पळून गेलेली व्यक्ती येते, आणि गाव सोडून तोक्योला जाण्याची इच्छा घरच्यांवरच्या दडपणापायी मारावी लागलेली आणखी एक व्यक्ती येते. या सर्वांना त्या ‘लढ’ असे सांगतात, पण लढणाऱ्याला न लढणारे हसतील, हेही त्याच दमात सांगतात. हे गाणे उत्साहाने गाण्याचे नाही. त्यातील पत्रे नीट समजेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकण्याचे आहे.

उत्तर २ : अनघा_भाषांतर

हेमंतरावांनी रेडिओविषयी लिहिले ते योग्यच आहे, परंतु त्यांच्या उत्तरावरून असे वाटेल की नाकाजिमाबाईंची सर्व गाणी शेवटी धीर देणारी आहेत. मला तसे वाटत नाही, आणि आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर या मतभेदातच आहे. त्यांच्या कित्येक उत्तम गाण्यांत धीर देणे तर दूरच, साधी सांत्वनाची भाषासुद्धा नाही. तेथे एक पात्र आहे आणि ते पात्र जे बोलते तेच आपल्याला ऐकू येते, त्यावर गीतकाराचे भाष्य नाही.

‘आकुजो’ पाहा. १९८१ मध्ये हे गाणे पहिल्या क्रमांकावर होते. त्यातील स्त्रीला ठाऊक आहे की आपल्या प्रियकराचे मन दुसरीकडे गेले आहे. त्याला अपराधी न वाटता जाता यावे म्हणून ती स्वतःलाच वाईट ठरवते, आपल्यालाही दुसरा कोणी आहे असे नाटक करते आणि त्यासाठी मैत्रिणीच्या घरी टेलिफोन करते. त्याची खात्री पटून त्याने तिचा तिरस्कार करावा आणि निघून जावे, एवढाच तिचा हेतू आहे. चाल मात्र हलकी आणि नाचरी आहे. जो केवळ चाल ऐकतो त्याला हे खेळकर गाणे वाटते, आणि जो शब्द ऐकतो त्याला त्या नाटकातला एकटेपणा सहन होत नाही. येथे एक उपयुक्त सूचना करते. या गाण्याची दोन रूपे आहेत. एकेरी तबकडीवरचे (सिंगलवरचे) रूप गोड आहे, तर १९८२ च्या ‘कान्सुइग्यो’ या अल्बममधील रूप रॉक संगीताच्या अंगाने जाणारे आणि बरेच करडे आहे. दोन्ही पाठोपाठ ऐकल्यास एकच शब्दसंहिता त्या दोन निराळ्या स्त्रियांच्या तोंडी कशी देतात, हे स्पष्ट कळेल. आपल्याला आवाज वेगळा वाटला त्याचे कारण हेच आहे. त्यांचा आवाज पात्रागणिक बदलतो, कधी लहान मुलीसारखा हवेतून येतो, कधी घशाच्या तळातून घरघरत येतो, आणि हे सर्व पूर्ण विचाराने केलेले असते.

आपण मराठी श्रोते भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक या तीन निराळ्या व्यक्ती असण्याला सरावलेले आहोत, त्यामुळे तिन्ही कामे एकच व्यक्ती करते म्हटल्यावर गाणे आत्मचरित्रपर असणार, असे आपण नकळत गृहीत धरतो. नाकाजिमाबाईंच्या बाबतीत ते गृहीतक सोडून द्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्यांची पुष्कळ लोकप्रिय गाणी मुळात दुसऱ्यांच्या गळ्यासाठी लिहिलेली आहेत. केन नाओको यांच्यासाठी १९७६ मध्ये ‘आबायो’, साकुरादा जुन्को यांच्यासाठी १९७७ मध्ये ‘शियावासे शिबाई’, काशिवाबारा योशिए यांच्यासाठी १९८३ मध्ये ‘हारु नानोनी’, आणि पुढच्या पिढीत तोकियो या तरुणांच्या गटासाठी २००६ मध्ये ‘सोराफुने’. ‘हारु नानोनी’मध्ये वसंतात शाळेचा निरोप घेणारी मुलगी आवडत्या मुलाकडे आठवण म्हणून त्याच्या गणवेशाचे एक बटण मागते आणि ते निळ्या आभाळात फेकून देईन, असेही सांगते. मागणे आणि टाकून देणे यांमध्ये एका श्वासाचेही अंतर नाही. हळवेपणा असा एकाएकी तोडण्याचे धैर्य त्यांच्या लेखणीत आहे आणि मला तीच त्यांची खरी ओळख वाटते. ‘सोराफुने’ तर पुरुषांसाठी लिहिलेले रणगीतच आहे : आपली होडी आपणच वल्हवावी, आपण बुडाल्यावर ज्यांना आनंद होईल त्यांच्या हाती वल्हे देऊ नये.

दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या याच गाण्यांपैकी एक जपानच्या सीमा ओलांडून गेले. चिआकी नाओमी यांच्यासाठी लिहिलेले ‘रुजु’ हे गाणे नाकाजिमाबाईंनी १९७९ मध्ये ‘ओकाएरिनासाई’ या अल्बमसाठी स्वतः गायले. कामाच्या शोधात शहरात आलेली आणि हळूहळू ओठांच्या लालीबरोबर कृत्रिम हसण्यातही तरबेज झालेली स्त्री त्यात आहे. १९९२ मध्ये हाँगकाँगमध्ये फे वाँग यांनी याच चालीवर कँटनीज शब्दांचे गाणे गायले आणि त्यातून त्या तेथील आघाडीच्या गायिका झाल्या. नंतर ती चाल व्हिएतनामी भाषेतही घरोघर पोहोचली. आग्नेय आशियात असंख्य लोकांना ही चाल पाठ आहे आणि ती मूळची कोणाची आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नाही.

उत्तर ३ : रेल्वे_अभियंता

वरील दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला. मी स्थापत्य अभियंता आहे आणि या गायिकेची ओळख मला ‘चिजो नो होशी’ या एकाच गाण्यामुळे झाली, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, म्हणजे एन.एच.के.ने, मार्च २००० मध्ये ‘प्रोजेक्ट एक्स’ नावाची अनुबोधमालिका सुरू केली. युद्धोत्तर जपानमध्ये ज्यांनी मोठी कामे उभारली पण ज्यांची नावे कोणाला माहीत नाहीत, अशा अभियंत्यांची, कामगारांची आणि तंत्रज्ञांची कहाणी तीत सांगितली जाई. पहिला भाग फुजी पर्वताच्या माथ्यावर हवामानखात्याचे रडार कसे बसवले, यावर होता. ही मालिका २००५ च्या अखेरीपर्यंत चालली. तिच्या आरंभी वाजणारे ‘चिजो नो होशी’ आणि शेवटी वाजणारे ‘हेडलाइट टेललाइट’ ही दोन्ही गाणी नाकाजिमाबाईंची आहेत आणि जुलै २००० मध्ये ती एकाच तबकडीवर प्रसिद्ध झाली. पहिल्या गाण्यात वाऱ्यातल्या, वाळूतल्या ताऱ्यांची नावे घेऊन ते सारे कोठे गेले, असे विचारले आहे. लोक आभाळाकडेच पाहत राहतात आणि जमिनीवरचे तारे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून उंचावरून उडणाऱ्या पाकोळीलाच त्यांचा ठावठिकाणा विचारला आहे. मालिकेतल्या एकाही यंत्राचे, पुलाचे किंवा धरणाचे नाव गाण्यात नाही. त्यामुळे प्रत्येक आठवड्याच्या निराळ्या कहाणीला ते तितक्याच चपखलपणे लागू पडत असे.

या गाण्याची लोकप्रियता ज्या पद्धतीने वाढली ती लोकप्रिय संगीतात फार विरळा आहे. सर्वसाधारणपणे गाणे पहिल्या एक-दोन आठवड्यांत यादीच्या वर चढते आणि मग खाली येते. ‘चिजो नो होशी’ मात्र ओरिकॉनच्या पहिल्या शंभरात सलग १७४ आठवडे टिकले आणि प्रथम क्रमांकावर पोहोचले ते प्रसिद्धीनंतर १३० व्या आठवड्यात, जानेवारी २००३ मध्ये. त्याला निमित्त झाले ३१ डिसेंबर २००२ च्या रात्रीचे. वर्षअखेरीच्या ‘कोहाकु’ या संगीत कार्यक्रमात नाकाजिमाबाई तोवर कधीही सहभागी झाल्या नव्हत्या. त्या वर्षी त्यांनी होकार दिला, परंतु तोक्योच्या सभागृहातून न गाता तोयामा प्रांतातील कुरोबे दरीतून, चौथ्या वीजकेंद्राच्या भूमिगत बोगद्यातून, गोठवणाऱ्या थंडीत थेट प्रक्षेपणात गायल्या. १८६ मीटर उंचीचे कुरोबे धरण १९६३ मध्ये पूर्ण झाले आणि त्या कामात १७१ जणांचा मृत्यू झाला. ज्यांच्याविषयी गाणे आहे त्यांच्या कामाच्या जागी उभे राहून ते गाण्याइतका मोठा सन्मान मला दुसरा दिसत नाही. त्या प्रक्षेपणात बाईंच्या मागचा ओबडधोबड खडक आणि कोठेही न ढळणारा सूर पाहताना आमच्या व्यवसायातील माणसाला काय वाटते, हे शब्दांत मांडणे कठीण आहे.

या यशामुळे १९७० च्या, १९८० च्या, १९९० च्या आणि २००० च्या अशा चारही दशकांत पहिल्या क्रमांकाचे गाणे देण्याचा मान त्यांना मिळाला. तरीही, कावेरीताई, अनघाताईंच्या मुद्द्याला जोडून एवढेच म्हणेन की हेही गाणे धीर देत नाही. ते फक्त विचारत राहते, आणि उत्तर देण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर सोडते.

कावेरी_पुणे

आपल्या सर्वांची मनापासून आभारी आहे. ‘आकुजो’ची दोन्ही रूपे काल ऐकली आणि अनघाताईंचे म्हणणे पूर्णपणे पटले. आता एकच शंका राहते. गाणी जर पात्रांची असतील आणि सांत्वन हा त्यांचा हेतू नसेल, तर ‘इतो’चे काय? ते तर लग्नात गायले जाते आणि त्यात मला कोठेही दुसरे पात्र दिसत नाही.

उत्तर ४ : अनघा_भाषांतर

हा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘इतो’ हे १९९२ च्या ‘ईस्ट एशिया’ अल्बममधील गाणे असून ते मुळात तेनरिक्यो या धर्मपंथाचे पुढे प्रमुख झालेले नाकायामा झेन्जी यांच्या विवाहाच्या निमित्ताने लिहिलेले आहे, म्हणजे लग्नाशी त्याचे नाते जन्मापासूनचेच आहे. १९९८ मध्ये ‘इनोची नो बेत्सुमेई’ या गाण्याबरोबर ते एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी एकेरी तबकडीवर आले, परंतु त्याचा खरा प्रसार २००४ मध्ये साकुराई काझुतोशी आणि कोबायाशी ताकेशी यांच्या बँक बँडने ते गायल्यानंतर झाला. त्यापुढे इतक्या गायकांनी ते गायले की २०२० मध्ये त्यावर आधारित चित्रपटही निघाला. येथेही पाहा, दुसऱ्यांच्या गळ्यांतूनच गाणे लोकांपर्यंत पोहोचले.

परंतु आपण त्यातील दुसरे कडवे पुन्हा काळजीपूर्वक ऐकावे, असे मी सुचवते. तेथे गाणारी व्यक्ती आपण कशासाठी जगत आलो, असे विचारत वाट चुकलेल्या दिवसांची आठवण काढते, धडपडताना झालेल्या जखमा मोजते आणि एकटा धागा काय करू शकतो, या शंकेने थरथरते. शेवटी विणलेले कापड कोणाची तरी जखम झाकू शकेल, असे ती म्हणते, आणि तेही ‘शक्य आहे’ या सुरात, खात्रीने नव्हे. ज्याला जखम ठाऊक आहे त्यानेच हे गाणे लिहिले आहे. ‘वाकारेउता’मधली रस्त्यावर कोसळलेली स्त्री काही वर्षांनी उठून कोणाला तरी भेटली असती, तर ती जे बोलली असती ते ‘इतो’मध्ये आहे, असे मी ते ऐकते. त्यामुळे मला या दोन गाण्यांत विरोध दिसत नाही.

उत्तर ५ : हेमंत_योकोहामा

अनघाताईंच्या या वाचनापुढे माझा आधीचा आग्रह थोडा सैल करतो आणि क्रमाविषयी शेवटचे लिहितो. ‘जिदाई’, ‘वाकारेउता’, ‘आकुजो’ आणि ‘फाइट!’ झाल्यावर १९९४ चे ‘सोरा तो किमी नो आइदा नी’ घ्यावे. आदाची युमी या बालकलाकाराची भूमिका असलेल्या ‘इए नाकी को’ या मालिकेचे ते शीर्षकगीत होते. मालिकेतील अनाथवत मुलीचा एकमेव सोबती म्हणजे तिचा कुत्रा, आणि नाकाजिमाबाईंनी हे गाणे त्या कुत्र्याच्या दृष्टीने लिहिले. तिच्यासाठी मी वाईटसुद्धा होईन, हे त्या गाण्यातले वचन कोण देत आहे हे एकदा कळले की गाणे पूर्णपणे बदलून जाते. याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर जुने ‘फाइट!’ पुन्हा प्रसिद्ध झाले आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. अकरा वर्षांपूर्वीचे गाणे एका विमा कंपनीच्या जाहिरातीमुळे नव्या पिढीने असे आपलेसे केले.

त्यानंतर ‘चिजो नो होशी’, मग ‘इतो’, आणि शेवटी २०१४ चे ‘मुगी नो उता’. एन.एच.के.च्या ‘मास्सान’ या सकाळच्या मालिकेचे ते गीत आहे. स्कॉटलंडहून आलेली पत्नी आणि तिचा जपानी पती होक्काइदोमध्ये व्हिस्कीचा कारखाना उभारतात, अशी ती कथा आहे, आणि आपल्या प्रांताच्या मातीविषयी नाकाजिमाबाई येथे जितक्या मोकळेपणाने गायल्या आहेत तितक्या क्वचितच गायल्या असतील. १९८८ पासूनच्या त्यांच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांचे संगीतसंयोजन सेओ इचिझो यांनी केले आहे. १९७० च्या दशकातील गिटारप्रधान गाण्यांनंतर एकदम ही गाणी ऐकताना वाद्यवृंदाचा जो विस्तार जाणवतो, तो या सहकार्यातून आलेला आहे.

‘याकाई’ नावाचे त्यांचे रंगमंचीय प्रयोग १९८९ पासून सुरू झाले, त्यांचे लेखन, दिग्दर्शन आणि गायन त्या स्वतःच करतात. ते मात्र सध्या बाजूला ठेवावेत, असे मला वाटते. त्यांतील भाषा दाट आहे आणि सलग दोन तास जपानी ऐकण्याची सवय झाली की, ते अधिक आनंद देतील. तोवर ‘फाइट!’मधील पहिले पत्र ऐकून आपण वहीत उतरवावे. भाषा रोजच्या बोलण्यातली आहे, उच्चार स्पष्ट आहेत, आणि अडलेली ओळ येथे लिहिल्यास आम्ही सर्व मिळून ती उलगडू.